पाकटाची लांबी

सकाळी साडेसातच्या एसटीत विश्वंभर चढला, तेव्हा लॉजवाला जीवन खाली उभा होता. त्याने खिडकीतून दोनदा विचारलं, "काका, नक्की एकटेच जाताय? वर चढ आहे. पाणी घेतलंत?"

"घेतलं."

"काकू असत्या तर..."

"काकू असत्या तर मी गेलोच नसतो," विश्वंभर म्हणाला.

जीवनला ते नीट कळलं नाही, पण त्यात काही खोटं नव्हतं. दरवर्षी दिवाळी झाली की विश्वंभर आणि पद्मा पुण्याहून आठ दिवस मुरुडला यायचे. तेच लॉज, तीच नारळाच्या बागेकडच्या खिडकीची खोली. पद्मा शाळेत चित्रकला शिकवायची. सात वर्षांपूर्वी कुणीतरी तिला सांगितलं, की मागच्या डोंगरावर, सावरटवाडीच्या सड्यावर, कातळात जुनी चित्रं कोरलेली आहेत. ती बघून आली आणि तिचा समुद्र सुटला. आठ दिवसांतले तीन-चार दिवस ती एसटीने वाडीला जायची, वर चढायची, संध्याकाळी लाल धुळीने भरलेले पाय घेऊन परत यायची. लिपी नव्हती, लोखंड नव्हतं, तेव्हाच्या माणसांनी कोरलंय म्हणायची. किती हजार वर्षं झाली, ते नक्की कुणालाच माहीत नाही म्हणायची. एवढं बोलून ती आशेने त्याच्याकडे बघायची.

तो वर्तमानपत्राचं पान उलटायचा.

विश्वंभर चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता. लोकांच्या शेतांना साखळी लावली, बांधांवरच्या शिव्या खाल्ल्या, उन्हात काळा पडला. पद्मा म्हणायची, "अहो, एक दिवस चला ना. तुमच्यासारखं माप मला घेता येत नाही." तो म्हणायचा, "सुट्टीतही मोजणीच करायची असेल तर रिटायर कशाला झालो?" शेवटच्या वर्षी तिने एका मोठ्या चित्राबद्दल सांगितलं. पाकट आहे म्हणाली, समुद्रातलं, पसरट अंगाचं, लांब शेपटीचं. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "इतकी हजार वर्षं थांबलंय, आणखी एक वर्ष थांबेल. पुढच्या खेपेला येतो."

त्या दिवाळीनंतरच्या मार्चमध्ये ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, चार दिवस दवाखाना. पुढच्या दिवाळीला तो मुरुडला आला नाही. या दिवाळीला आला, तो त्या वहीमुळे.

वही मुलीने, आश्लेषाने, कपाट आवरताना त्याच्या हातात दिली होती. तपकिरी पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आत चित्रं, वाटेच्या खुणा आणि मापं. सगळी मापं पूर्ण, सेंटिमीटरपर्यंत. एकच जागा मोकळी. तिसऱ्या चित्राच्या पानावर लिहिलं होतं, "पाकट. शेपटीची लांबी :" आणि पुढे टिंबं. खाली बारीक अक्षरात, "टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा." आणि त्याच्याखाली, वेगळ्या शाईने, "ह्यांना पुन्हा विचारायचं नाही."

दीड वर्ष तो ती ओळ वाचत होता. रागाने लिहिली असती तर पेन दाबलेलं दिसलं असतं. तसं काही नव्हतं. बाकीच्या नोंदींसारखीच ती एक नोंद होती. वाणसामानाच्या यादीतून एखादी वस्तू कमी करावी, तसं तिने त्याला कमी केलं होतं. त्याने स्वतःशी ठरवलं होतं, की ती जागा आपण भरायची. त्याने काय होणार होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण मोकळा रकाना ठेवून त्याने कधी नकाशा दप्तरात जमा केला नव्हता.

वाडीच्या थांब्यावर तो एकटाच उतरला. भात कापून झालं होतं. शेतांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. वहीत लिहिलं होतं, "हातपंपाच्या मागून करवंदीच्या जाळीतली वाट. घाई करू नये, दगड निसरडे." घाई करू नये हे तिने स्वतःसाठी लिहिलं होतं. तिचे गुडघे दुखायचे. चढता चढता तीनदा बसावं लागलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की हा चढ ती दुखऱ्या गुडघ्यांनी चढत होती आणि संध्याकाळी लॉजवर येऊन त्यालाच विचारत होती, "तुम्ही जेवलात ना नीट?"

वर सडा लागला. जांभ्याचा उघडा कातळ, वाळलेलं पिवळं गवत, मधे मधे आटत आलेली डबकी. पश्चिमेला झाडांच्या वरून समुद्राची एक पट्टी दिसत होती. पहिली खूण सहज सापडली. कातळात वाटीएवढे गोल खळगे, एका ओळीत. वहीत लिहिलं होतं, "खळगे एकवीस. ओळीची लांबी ६.१५." विश्वंभरने पिशवीतून टेप काढला. हा त्याचाच जुना टेप, खात्यात असतानाचा. पद्मा हाच घेऊन फिरायची. सवयीने त्याने टेपच्या कडीवर एक दगड ठेवला, पट्टी उलगडत दुसऱ्या टोकाला गेला आणि वाकून वाचलं. सहा मीटर पंधरा.

त्याला बरं वाटलं. ऑफिसातली नवी पोरं यंत्रं घेऊन वीतभर चुका करायची. ड्रॉइंग टीचरचं माप चोख होतं.

दुसरी खूण मासा. तो गाळाने अर्धा बुजला होता. विश्वंभरने रुमालाने पुसला. साधा मासा, मुलं काढतात तसा, पण शेपटीला असा एक झोक दिलेला की तो आत्ताच वळला असं वाटावं. लांबी १.१०. तीही बरोबर. तो तिथे बराच वेळ बसला. कोणी कोरला असेल, हातात दगडाशिवाय काही नसताना? समुद्र इथून पायी चांगला दोन-तीन तासांवर. मासा डोळ्यांत धरून कुणीतरी डोंगर चढून आला आणि इथे बसून ठोकत राहिला. त्याच्या बायकोने त्याला हटकलं असेल, की हे काय रिकामपणाचे उद्योग. की बायकोच ठोकत बसली होती आणि तो खाली झोपला होता? दुसरंच खरं असणार, असं विश्वंभरला वाटलं.

पद्मा गेली तेव्हा बायका तिच्या कपाळावर कुंकवाचे मळवट भरत होत्या. एकीने त्याला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "सवाष्ण गेली हो, भाग्यवान." भाग्य कुणाचं, हे त्याला त्या बाईला विचारायचं होतं. विचारलं नाही. तेही राहूनच गेलं.

तो उठला. वहीत लिहिलं होतं, "माशापासून उगवतीला तीनशे चाळीस पावलं. एकट्या सावरीच्या झाडाखाली पाकट." तो पावलं मोजत निघाला. तिची पावलं लहान होती, म्हणून त्यानेही लहान टाकली. तीनशेच्या पुढे मान वर केली तेव्हा सावर दिसली, आणि सावरीखाली निळ्या पत्र्याची शेड दिसली. शेडवर भगवा झेंडा. खाली चकचकीत पांढऱ्या फरशीचा ओटा.

आधी त्याला वाटलं, झाड चुकलं. सड्यावर दुसरी सावर नव्हती.

ओट्याच्या एका टोकाला फरशीत परातीएवढा गोल तुकडा उघडा सोडला होता. त्यातून कातळ दिसत होता, शेंदराने माखलेला. त्यावर चांदीचे दोन डोळे चिकटवले होते. बाकी सगळी फरशी. शेपटी जिथे असायला हवी होती तिथे अबोलीचा एक लांबच लांब हार फरशीवर सरळ पसरला होता, सुकत आलेला.

विश्वंभर हातातल्या टेपसकट तसाच उभा राहिला.

"ओ साहेब! ओ!" शेडमागून पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस धावत आला. "टेप कशाला काढलाय? मोजनी हाय काय?"

"नाही."

"मंग खात्यातनं आलाव काय? आदी सांगतो, देवस्थान हाय. अतिक्रमन बितिक्रमन काय न्हाय. मी तुळशीराम, कमिटीचा अध्यक्ष. जे काय ते माज्याशी बोला."

"खात्यात होतो. रिटायर झालो."

"मंग टेप?"

"बायकोचा आहे."

तुळशीरामने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बायकोचा टेप घेऊन फिरणारा माणूस त्याने बघितला नसावा. "नवस बोलायचाय?" त्याने जरा नरमाईने विचारलं. "वेनाई कुनाला मोकल्या हाताने धाडत न्हाय."

"कोण वेणाई?"

"ही काय! लांब वेनीची आई. दोन वर्सांमागं परगट झाली. दिवालीच्या मागनं. माजी सून ठमी शेल्या चारायला वर आलेली. बगते तं कातलावर लाल वेनी! ह्या झाडापास्नं पार तितवर. ताजं कुकू. मानूस न्हाय, चिटपाखरू न्हाय. पोर धावत खाली आली, दोन दिवस तिच्या अंगात ताप. मंग वाडीच्या मुंबईकरांनी शेड दिली, फरशी दिली. आता माघात जत्रा भरते."

विश्वंभरचे कान तापले. वही न उघडताही त्याला ती ओळ दिसत होती. पाकटाच्या पानावर, चित्राच्या शेजारी तिने लिहिलं होतं. "रेषा फोटोत येईनात. रांगोळी अंग भरण्यातच संपली, म्हणून शेपटीत पर्समधलं कुंकू भरलं. छान उठून दिसली."

"ती वेणी नाही," तो म्हणाला. "शेपटी आहे. पाकटाची."

"कसली?"

"पाकट. मासा."

तुळशीराम मोठ्याने हसला. "वयनी, ऐकलंव काय? साहेब म्हनतात आपली आई मासली हाय! साहेब, डोंगराव मासली कुटनं चढल?"

शेडच्या सावलीत एक म्हातारी नारळांच्या शेंड्या सोलत बसली होती. कपाळ मोकळं, हिरवं नऊवारी. ती हसली नाही. तिने हातातला नारळ खाली ठेवला आणि विश्वंभरकडे नीट बघितलं.

विश्वंभरने वही उघडून तुळशीरामच्या नाकासमोर धरली. "वाचा. वाचता येतं ना? ही तारीख. हे चित्र. आणि हे कुंकू. माझ्या बायकोने भरलं. तुमच्या सुनेला ताप आला तो माझ्या बायकोच्या कुंकवाने!"

तुळशीरामने बोट ठेवून ओळ वाचली. परत वाचली. त्याचं हसू गेलं. त्याने वही मिटली, धूळ झटकावी तशी पुठ्ठ्यावरून हात फिरवून परत दिली. "साहेब," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ही घरी कपाटात ठेवा. हितं कुनाला दाकवू नका. लोकांची देवीव सरदा हाय, उगाच कायतरी व्हील. बाई कुटं हायत तुमच्या? त्यांना बी सांगा."

"मेली ती."

फोन वाजत नसतानाही तुळशीराम तो खिशातून काढून कानाला लावत शेडमागे गेला.

म्हातारीने हाताने खूण केली. "या, सावलीत बसा. मी भागुबाई, त्येची भावजय." तिने तांब्याभर पाणी पुढे केलं. तो पाणी प्याला तसं ती हळू आवाजात म्हणाली, "चष्मेवाली ना? पायात मोजे घालून चालायची?"

विश्वंभरने तांब्या खाली ठेवला.

"मला ठावं हाय तिचं कुकू," भागुबाई म्हणाली. "मी त्या अंगाला लाकडं गोला करत हुते. बगितली मी, बसून बसून भरीत हुती. रांगोली काढावी तशी."

"मग सांगितलं का नाही? हा सगळा तमाशा..."

"काय सांगू? ठमी घाबरून खाली गेली, बाया वर आल्या, कुनी फूल ठेवलं, कुनी नारल. आनि सवाष्णीनं भरलेलं कुकू पुसून टाका म्हनून मी सांगायचं? मी, रांडमुंड बाई? माज्या तोंडाला कालं फासलं असतं." तिने नारळ परत मांडीवर घेतला. "आनि खरं सांगू? ती कोरीव आमी लानपनापास्नं बगतो. तिच्याव शेल्या मुतायच्या. ती बाय पयली, जिनं तिला हातानं कुरवाललं. मला वाईट न्हाय वाटलं."

"फरशी घातलीत त्यावर. सगळं झाकून टाकलंत."

"फरशी मुंबईकरांनी घातली. देवीला उनाचा तरास नको म्हनं." ती हे अगदी सरळ म्हणाली. मग काहीतरी आठवून म्हणाली, "उनाचा तरास तुमाला ना? मी एकदा इचारलं हुतं तिला. बाय, एकलीच येतीस, मालक कुटं? तर म्हनली, त्यास्नी उनाचा तरास हाय. डागदरांनी सांगितलंय. लई यायचं मनात असतं त्यांच्या, म्हनली."

चौतीस वर्षं डोक्यावर टोपीसुद्धा न घालता विश्वंभरने तालुक्यातले माळ तुडवले होते. हे पद्माइतकं कुणाला माहीत होतं? या डोंगरावर, लाकडं गोळा करणाऱ्या बाईपुढेही, तिने त्याची अब्रू राखली होती. तो मात्र खाली पंख्याखाली लोळत होता. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला आज इथे बसायला सोपं गेलं असतं.

"मला लांबी हवी होती," शेवटी तो म्हणाला. "शेपटीची. एवढंच एक माप राहिलंय तिच्या वहीत. आता फरशीखाली गेलं."

"लांबी व्हय? लांबी हाय की!"

ती उठली आणि शेडच्या खांबावर खिळ्याला अडकवलेली सुंभाची दोरी काढून आणली. दोन्ही टोकांना गाठी होत्या. "आईला हार वेनीएवडा लागतो. कमी न्हाय, जादा न्हाय. फरशी घालायच्या आदी मी आनि ठमीनं कातलाव टाकून धरली. ठमी शेंड्याला, मी बुडाला. तवापास्नं हार ह्या दोरीनं करतात. घ्या मोजून."

फरशीच्या कडेला, उघड्या कातळावर, त्यांनी दोरी ताणली. भागुबाईने एका टोकाची गाठ आणि टेपची कडी पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरली. विश्वंभर टेप उलगडत मागे सरकू लागला. जुनी सवय, पाठ वाकली, पट्टी दोरीला लागून सरळ बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण कामाचं काहीतरी करतो आहोत. तिने मागितलं तेच करतो आहोत. उशिरा, पण करतो आहोत.

तेवढ्यात वाटेवरून दोन बाया ओटी घेऊन वर आल्या. एकीने हाक मारली, "भागुमावशी, नारल फोडून द्या वो, परत जायची एसटी गाठायचीय."

"आले!" भागुबाई म्हणाली. इकडेतिकडे बघून तिने जांभ्याचा एक चिरा उचलला, अंगठा काढून कडीवर ठेवला, हाताने हलवून बघितला. "ऱ्हातंय. तुमी मोजा," म्हणून ती गेली.

विश्वंभर दुसऱ्या टोकाशी ओणवा होता. त्याला दगड दिसत होता. टेप जराही हलला नव्हता. चार मीटर बासष्ट.

त्याने आकडा वाचला आणि परत त्या दगडाकडे बघितलं.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. दगड पुरतो. पहिल्या वर्षी पद्मा टेपचं टोक धरायला बोलवायला आली होती तेव्हा हे त्यानेच तिला सांगितलं होतं, लॉजच्या व्हरांड्यात, वर्तमानपत्रावरून डोळे न काढता. "कडीवर दगड ठेव. मी कशाला यायला हवं?" आणि ती शिकली होती. सहा मीटर पंधराची खळग्यांची ओळ तिने एकटीनेच मोजली होती, सेंटिमीटरपर्यंत. आज सकाळी त्यानेच खात्री करून घेतली होती. ती ओळ या शेपटीपेक्षा दीड मीटरने लांब होती.

म्हणजे हे माप तिला घेता येत नव्हतं असं नव्हतं. तिने ते ठेवलं होतं. वहीतलं एकच, त्याच्यासाठी. तो आला की त्याला काहीतरी काम असावं म्हणून. आणि मग एके दिवशी, वेगळ्या शाईने, ते ठेवणंही तिने सोडून दिलं होतं.

तो खाली कातळावर बसला. मांडीवर वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. टिंबांच्या पुढे जागा होती, आकडा सहज मावला असता. त्याने बराच वेळ त्या जागेकडे बघितलं. मग टोपण लावलं.

शेडमध्ये नारळ फुटला. भागुबाई पदराला हात पुसत परत आली. हातात खोबऱ्याचा तुकडा होता, तो तिने त्याच्यापुढे धरला. "झालं माप?"

"झालं."

"किती भरली?"

"चार बासष्ट."

"मंग लिवलं न्हाय ते? इसरून जाल."

"नाही विसरणार," विश्वंभर म्हणाला.

त्याने खोबरं घेतलं. दोरी गुंडाळून तिच्या हातात दिली. मग चालत दुसऱ्या टोकाशी गेला, चिरा उचलून बाजूला ठेवला, आणि टेप गुंडाळायला लागला.